पहिला तास कुणाचा?

दर जूनमध्ये वेळापत्रक बनवायला बसलो की आमच्या स्टाफरूममध्ये पहिल्या तासावरून भांडण होते. पहिल्या तासाला मुलांची डोकी ताजी असतात, व्हरांड्यात गोंगाट नसतो, पत्रा तापलेला नसतो. गणितवाल्यांना तो हवा असतो. इंग्रजीवाल्यांना तर तो आपला जन्मसिद्ध हक्क वाटतो. मी उर्दू आणि इतिहास शिकवते, मला कधी चौथा मिळतो, कधी सहावा. चित्रकला मात्र नेहमी आठव्या तासाला. त्या वेळी मुलींची दप्तरे भरून झालेली असतात आणि कान घंटेकडे लागलेले असतात. ही वाटणी कुणी कुठे लिहून ठेवलेली नाही, पण इतक्या वर्षांत ती बदललेलीही नाही. ज्याचे वजन जास्त त्याला शांत तास, बाकीच्यांना उरलेला.

ही गोष्ट मला आमच्या शाळेपुरती वाटत होती. 2023 च्या मे महिन्यात मी फुफीजाद आपाकडे शिकागोला गेले आणि तिथेही पहिल्या तासाचा हाच मामला पाहिला. डेव्हॉन अव्हेन्यू नावाच्या रस्त्याजवळ आपा राहते. त्या रस्त्यावर हलाल गोश्तची दुकाने, हैदराबादी बिर्याणी आणि शालू-शरारे एकाला एक लागून आहेत. दोन दिवस मी अमेरिकेत आले आहे हे मला पटतच नव्हते. तिसऱ्या दिवशी आपा म्हणाली, “उद्या म्युझियमला जाऊ. लवकर आवर हं. दहा ते अकरा आपला तास असतो.”

आपला म्हणजे सभासदांचा. शहराच्या मध्यभागी, मिशिगन अव्हेन्यूवर, आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागो हे कलासंग्रहालय आहे. दारापाशी दोन बाजूंना ब्राँझचे दोन सिंह उभे आहेत, 1894 पासून. लोकांसाठी दार अकराला उघडते. वर्षाची वर्गणी भरून सभासद झालेल्यांना मात्र दहाला आत घेतात. बाहेरगावच्या प्रौढ माणसाचे एका दिवसाचे तिकीट तीस डॉलरच्या आसपास जाते, तेव्हा शहरात राहणाऱ्या आणि वारंवार जाणाऱ्या माणसाला वर्गणी परवडते. आपाच्या कार्डावर एक पाहुणा चालतो, तो पाहुणा मी. आम्ही आत गेलो तेव्हा पायऱ्यांवर लोक थांबलेले होते. कडेला शाळेची एक पिवळी बस उभी होती. आतली मुले काचेला नाक लावून त्या सिंहांकडे पाहत होती. माझ्यातल्या मास्तरणीने सवयीने त्यांची डोकी मोजायला सुरुवात केली, तेवढ्यात आपाने हात धरून मला आत ओढले.

तो तास सुंदर होता, हे आधी कबूल करते. उगाच नाक मुरडणाऱ्यातली मी नाही. तिथे जॉर्ज सुरा या फ्रेंच चित्रकाराचे एक मोठे चित्र आहे, सुमारे दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद. 1884 सालचा रविवार, पॅरिसजवळच्या एका बेटावर सुट्टीला आलेली माणसे: छत्रीवाल्या बायका, गवतावर आडवा पडलेला गडी, धावणारी पोरगी, कुत्री, एक माकडसुद्धा. सगळे चित्र रंगांच्या ठिपक्यांनी भरलेले. जवळ गेले की ठिपके, दहा पावले मागे आले की ऊन. ही गंमत कळायला पुढे-मागे चालावे लागते, आणि पुढे-मागे चालायला जागा रिकामी लागते. मी सहा-सात वेळा पुढे गेले आणि मागे आले. कुणाचा धक्का नाही, कुणाचा मोबाईल मध्ये नाही, राखणदार दूर कोपऱ्यात उभा. अकरा वाजले, दारे उघडली, आणि दहा मिनिटांत त्या चित्रापुढे खांद्याला खांदा लागला. बसमधली मुलेही आली. त्यांच्या शिक्षिकेने हात उंच करून काहीतरी सांगितले, मुलांनी चित्राकडे कमी आणि एकमेकांच्या डोक्यांकडे जास्त पाहिले, आणि ती रांग पुढच्या दालनात सरकली. मी घड्याळ पाहिले. चार मिनिटे. पुढे-मागे चालायला कुणालाच मिळाले नव्हते.

रविवारी बाहेर पडलेल्या गर्दीचे ते चित्र, आणि ते नीट दिसते कुणाला? जो गर्दीच्या आधी पैसे भरून आत येतो त्याला.

हे मी जेवताना बोलून दाखवले तेव्हा आपाला राग आला. तिची बाजूही सांगते, कारण ती खोटी नाही. ती म्हणाली, “आम्ही वर्गणी भरतो म्हणून म्युझियम चालतं. तुला माहीत आहे का, चौदा वर्षांखालच्या मुलांना तिथे तिकीट नाही. शिकागोत राहणाऱ्या पोरांना अठरा वर्षांपर्यंत नाही. थंडीत या राज्यातल्या लोकांसाठी फुकटचे दिवस ठेवतात. हे कुणाच्या पैशावर?” खरे आहे. आपल्याकडचे कितीतरी लोक मुलांना फुकट घेत नाहीत आणि वर उपकाराची पाटी लावतात. त्या मानाने तिथला कारभार चांगलाच म्हणायचा.

पण माझे भांडण तिकिटाशी नाही, आणि आपाला ते पटवता पटवता माझे मलाच कळत गेले. दार फुकट उघडले, पण शांतता विकली. चित्र सर्वांचे ठेवले, ते दिसण्यासाठी लागणारी मोकळी जागा मात्र वेगळी काढून तिला किंमत लावली. मुलांना प्रवेश दिला तो उरलेल्या वेळेत. आपल्याकडे याला खैरात म्हणतात. सणाच्या दुसऱ्या दिवशी डेगेच्या तळाचे काढून वाटतात ती खैरात. आपल्या दीनने तर सांगितले आहे की द्यायचे ते आपल्याला आवडते त्यातून द्या. पहिला तास हा संग्रहालयाकडचा सर्वांत आवडीचा माल आहे. तो ज्याच्याकडे आधीच शंभर वाटा आहेत त्याला देऊन टाकायचा आणि आयुष्यात एकदाच येणाऱ्या पोराला अकरानंतरचा धक्का द्यायचा, याला मी न्याय म्हणणार नाही. आपा पुन्हा येईल, पुढच्या आठवड्यात येईल. बसमधले ते पोर परत कधी येईल?

त्याच इमारतीत एक जिना आहे, त्याच्याजवळ मी बराच वेळ थांबले. 1893 च्या सप्टेंबरात सर्वधर्मपरिषद भरली ती याच इमारतीत. स्वामी विवेकानंदांचे 11 सप्टेंबरचे भाषण आपल्या पाठ्यपुस्तकांत असते, ते इथले. मुंबईचे प्रार्थनासमाजाचे नगरकर तिथे बोलले होते, जैनांतर्फे वीरचंद गांधी बोलले होते. आणि इस्लामतर्फे कोण बोलले? अलेक्झांडर रसेल वेब नावाचे एक गोरे अमेरिकन गृहस्थ, जे मुसलमान झाले होते. मनिला येथे ते अमेरिकेचे कॉन्सल होते. तिथून त्यांचा पत्रव्यवहार चालायचा तो मुंबई नगरपालिकेचे सदस्य बद्रुद्दीन अब्दुल्ला कूर यांच्याशी. 1892 मध्ये वेब हिंदुस्थानात आले, मुंबईतही आले, आणि पुढच्या वर्षी शिकागोच्या व्यासपीठावर उभे राहिले. मुंबईतल्या एका मुसलमानाची पत्रे या दारापर्यंत अशी पोचली होती. आमच्या मुलींना विवेकानंद माहीत आहेत आणि असायलाच हवेत. कूर यांचे नाव मी तरी कुठल्या शालेय पुस्तकात वाचलेले नाही, मराठी नाही आणि उर्दूही नाही.

2010 साली, पुन्हा 11 सप्टेंबरलाच, मुंबईचे चित्रकार जितीश कल्लाट यांनी त्या जिन्याच्या पायऱ्यांवर विवेकानंदांचे ते भाषण दिव्यांच्या अक्षरांत मांडले होते. कलाकृतीचे नाव ‘पब्लिक नोटीस 3’. अक्षरांना रंग कोणते दिले? 2001 नंतर अमेरिकन सरकारने दहशतवादाचा धोका दाखवायला जे पाच रंग ठरवले होते, हिरव्यापासून लालपर्यंत, तेच. ज्या तारखेला 1893 मध्ये कट्टरपणा सोडा असे सांगितले गेले, त्याच तारखेने 2001 मध्ये जगातल्या प्रत्येक मुसलमानाच्या बॅगेची तपासणी सुरू केली. कल्लाटांनी एकही जादा शब्द न लिहिता दोन्ही तारखा एका जिन्यावर आणल्या. मी गेले तेव्हा जिना साधाच होता, दिवे नव्हते. सभासदांच्या तासात त्यावर मी आणि एक म्हातारी, दोघीच होतो. सगळ्या धर्मांच्या लोकांना एका छपराखाली बोलावणाऱ्या त्या जागेवर मी एक तास आधी आले होते, कारण माझ्या आपाकडे कार्ड होते. चोरी केल्यासारखे वाटले असे म्हणणार नाही. पण रांगेत घुसल्यासारखे नक्की वाटले.

आता कुणी म्हणेल, अमेरिकेच्या संग्रहालयाचे गाऱ्हाणे महाराष्ट्रातल्या मुसलमानाने का ऐकावे? कारण हा सभासदांचा तास आपल्या रक्तात आहे, फक्त त्याला आपण हे नाव देत नाही. मोठ्या देवस्थानांत पैसे भरून लवकर दर्शन होते, त्यावर आपण हसतो. आपल्याकडे जमातीत पहिली सफ कुणाच्या नावावर नसते. जो आधी आला तो पुढे, मग तो हमाल असो की सेठ. ही गोष्ट आपण जगाला छाती फुगवून सांगतो. सांगावीच. पण रमजानच्या जुम्म्याला मशिदीत जाऊन बघा, सेठसाठी रुमाल टाकून जागा धरलेली दिसेल. (आम्हा बायकांना तर बहुतेक मशिदींत सफच नाही, तेव्हा पहिली की शेवटची हा प्रश्नच उद्भवत नाही.) मुशायऱ्यात पुढे सोफे कुणासाठी? चंदा देणाऱ्यांसाठी. शेर कळणारा मागे सतरंजीवर उकिडवा बसून दाद देतो आणि सोफ्यावरचा मोबाईल बघतो. साहित्य संमेलने तरी कुठे वेगळी? पहिल्या दोन रांगांवर ‘निमंत्रित’ अशा चिठ्ठ्या असतात, निमंत्रित उद्‌घाटन आटोपून जेवायला जातात, आणि संध्याकाळपर्यंत त्या रांगा रिकाम्याच राहतात. आपण मागे बसून रिकाम्या खुर्च्यांची पाठ बघत मानवतावादावरचा परिसंवाद ऐकतो.

आता माझ्या मुलींकडे येते. काही वर्षांपूर्वी मी सातवीच्या मुलींना एका शहरातल्या संग्रहालयात नेले होते. नाव घेत नाही, कारण असे कुठेही घडले असते. आमच्या बी.एड.मध्ये शिकवतात की ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे, मूर्ताकडून अमूर्ताकडे जावे. मी पाठटाचण काढले होते, प्रश्नावली काढली होती. प्रत्यक्षात काय झाले? मूर्ताकडून बाहेरच्या दाराकडे. दुपारचे बारा, सुट्टीचा हंगाम, एकामागे एक शाळा. आमच्या पुढे इंग्रजी शाळेची मुले होती, त्यांना एक ताई मांडी घालून बसवून गोष्ट सांगत होती. त्यांनी आधी पैसे भरून ती व्यवस्था घेतली होती, त्यात त्यांचा काही दोष नाही. आमच्या वाट्याला राखणदार आला. तो बिचारा सकाळपासून उभा होता आणि त्याला एकच वाक्य येत होते: “आगे बढो, हात नहीं लगाना.”

शस्त्रांच्या दालनात एक मुलगी थांबली. रांग तिच्यापाशी तुटली. मी रागावून मागे आले तर ती काचेला नाक लावून तलवारीच्या मुठीखालची अक्षरे लावत होती. “मिस, ये… अलिफ… फे, ते…” पुसट झालेली, एकात एक गुंफलेली अक्षरे होती. दोन-तीन मुली मागे फिरल्या. एकीने म्हटले फतेह असेल, दुसरी म्हणाली नाही, शेवटी हे आहे, बडी हे. अर्ध्या मिनिटाने पहिली मोठ्याने म्हणाली, “या फत्ताह!” आणि तिने माझ्याकडे असे पाहिले की जणू तलवार तिनेच घडवली आहे. काचेखालच्या चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिले होते: तलवार, कोरीव अक्षरांसह. अक्षरे कोणती ते लिहिलेले नव्हते. त्या सबंध दालनात, त्या सबंध दुपारी, ती वस्तू वाचू शकणारी माणसे आमच्या या पोरीच होत्या. आणि त्याच क्षणी मागून आवाज आला, “आगे बढो!”

मी बढले. मुलींनाही पुढे नेले. आज मला त्याची लाज वाटते. मी तिथे उभी राहून म्हणायला हवे होते की भाऊ, दोन मिनिटे थांब, ही वाचते आहे.

मुंबईच्या फोर्टातल्या संग्रहालयाचा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेला आहे. जॉर्ज विटेट या स्कॉटिश वास्तुकाराने आदिलशाहीचा घुमट तिथे आणला आणि आतल्या मोठ्या दालनात नाशिककडच्या वाड्यातल्या लाकडी कमानी बसवल्या. 1905 मध्ये पायाभरणी झाली, मधल्या महायुद्धात तिथे लष्करी इस्पितळ चालले, आणि 1922 मध्ये ते संग्रहालय म्हणून लोकांसाठी उघडले. तेव्हाचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम 1998 पासून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. तिथे अकबर बादशहाची ढाल आहे, चिलखत आहे, त्यांच्यावर अक्षरे आहेत. ‘अन्वार-ए-सुहैली’ची अकबराच्या काळातली सचित्र प्रत आहे, आगीत जळून वाचलेली. ही अन्वार-ए-सुहैली म्हणजे काय? आपले पंचतंत्र. संस्कृतातून पहलवीत गेले, तिथून इब्न अल-मुकफ्फाने आठव्या शतकात अरबीत नेले आणि कलीला व दिमना केले, पुढे हेरातच्या हुसेन वाइज काशिफीने नव्या फारसीत सजवले, आणि अकबराच्या चित्रशाळेत त्यावर हिंदू आणि मुसलमान चितारी एकत्र बसले. माझ्या मुली पंचतंत्रातल्या गोष्टी मराठीच्या पुस्तकात वाचतात आणि नस्तालीक उर्दूच्या पुस्तकात. या दोन्ही गोष्टी ज्या पोरीच्या दप्तरात आहेत तिला त्या कागदापुढे अर्धा तास शांत उभे करा, मग बघा. त्याच संग्रहालयात सर अकबर हैदरींच्या संग्रहातल्या वस्तू आहेत. मुंबईत जन्मलेले हे हैदरी निजामाच्या राज्यात गेले आणि 1918 च्या उस्मानिया विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा हात होता, जिथे उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. उर्दू माध्यमाच्या पोरीने तिथे पाहुणीसारखे का जावे?

भायखळ्याचे संग्रहालय तर त्याहून जवळ. मदनपुऱ्यातून चालत जाता येते. 1872 मध्ये ते लोकांसाठी उघडले ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम या नावाने. लंडनच्या प्रसिद्ध संग्रहालयाला हे नाव 1899 मध्ये मिळाले, म्हणजे आपल्यानंतर सत्तावीस वर्षांनी. 1975 पासून ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने आहे. लंडनच्या त्या संग्रहालयाची एक गोष्ट मला फार आवडते. 1857 मध्ये ते साउथ केन्सिंग्टनला सुरू झाले तेव्हा दालनांत गॅसचे दिवे लावले होते. कशासाठी? दिवसभर राबणारा मजूर रात्री कामावरून सुटल्यावर येऊ शकावा म्हणून. राणीच्या राज्यातल्या साहेब लोकांनासुद्धा कळले होते की दार उघडे ठेवणे पुरेसे नाही, ते कोणत्या वेळी उघडे आहे यावर कोण येणार हे ठरते. त्यांनी घड्याळ मजुराच्या बाजूने सरकवले. आज जगभरची संग्रहालये घड्याळ सरकवतात ते वर्गणीदाराच्या बाजूने.

एक न्यायाची गोष्ट सांगायला हवी. फोर्टातल्या संग्रहालयाने 2015 पासून एक बस चालवली आहे, वस्तू घेऊन ती शाळांच्या दारात जाते. चांगले काम आहे, मनापासून सांगते. पण घरी आलेला पाहुणा आणि आपण पाहुणे म्हणून गेलेलो यात फरक असतो. मुलीला त्या घुमटाखाली उभे राहून मान मागे टाकता आली पाहिजे.

आता आपल्या घरातले भांडण. सहलीच्या संमतिपत्रावर सही मागितली की दोन-चार बाप दारात येतात. “मिस, बुतखान्यात कशाला नेता लेकरांना? तसवीर जायज आहे का?” मी त्यांच्या ईमानची थट्टा करत नाही. त्यांना भीती आहे, आणि भीतीपोटी बोलणाऱ्या माणसाशी तावातावाने बोलून काही होत नाही. पण हेच गृहस्थ लेकीच्या सालगिरहचे शंभर फोटो मोबाईलवर दाखवतात. त्यांच्या घरी टीव्ही रात्री बारापर्यंत चालतो. आणि वॉटर पार्कची सहल काढली तर संमतिपत्रे दुसऱ्याच दिवशी भरून येतात, मग तिथे काय दिसते ते कुणी विचारत नाही. खरा अडसर तसवीरचा नाहीच. अडसर हा आहे की ती जागा आपली नाही असे आपण ठरवून टाकले आहे. बाहेर येऊन आपण तक्रार करतो की आमचा इतिहास पुसला जातो. पुसला जातो आहे, हे मी इतिहास शिकवणारी बाई रोज पाहते. पण जो अजून काचेआड शाबूत आहे तो वाचायला आपण किती वेळा गेलो? आणि शाळांचे चालक मंडळ? त्यांना जलशाला मंडप परवडतो, बक्षिसाच्या ढाली परवडतात. एका बसचे भाडे काढताना मात्र त्यांना एकदम अल्लाह आठवतो.

तरीही आपल्या चुकांमुळे संग्रहालयवाल्यांची सुटका होत नाही. त्यांना माझे मागणे साधे आहे. सभासद करा, वर्गणी घ्या, त्यांना चहा पाजा, व्याख्यानाला पुढच्या खुर्च्या द्या, छापील कॅलेंडर द्या. माझी काही हरकत नाही. पण आपल्या शहरांत सभासदांच्या तासाची ही रीत येऊ पाहील तेव्हा, आणि येणारच आहे, कारण तिकडची प्रत्येक रीत वीस वर्षांनी इकडे येते, तेव्हा तो तास आधीच कुणाच्या तरी नावावर लिहिलेला असू द्या. महिन्यातून एक सकाळ, दार उघडण्याआधीचा एक तास, मराठी, उर्दू आणि पालिकेच्या शाळांसाठी. एका वेळी दोन वर्ग, जास्त नाहीत. भाषण नको. मुलांना जमिनीवर बसू द्या, पेन्सिल-कागद द्या, राखणदाराला खुर्ची द्या. चिठ्ठ्या उर्दूत लावा असे मी म्हणत नाही, ते म्हटले की भांडण तिसरीकडेच जाईल. पण जी अक्षरे वस्तूवर कोरली आहेत ती कोणती, हे मराठीत तरी लिहा. आणि ज्या वस्तूंवरची अक्षरे तुमच्या कुणाला लागत नसतील, त्यांची यादी आमच्या सातवीकडे द्या.

आमच्या शहरातल्या संग्रहालयाला मी या जानेवारीत अर्ज दिला आहे. मराठीत लिहिला, दोन पानी, शाळेच्या शिक्क्यासह. शेहेचाळीस मुली, दोन शिक्षिका, वेळ सकाळी नऊ ते दहा. हेडमास्तरांनी सही करताना विचारले, “नऊ वाजता तिथे कुत्रं तरी असतं का?” मी म्हटले, म्हणूनच. अजून उत्तर आलेले नाही. येईल तेव्हा तयारी असावी म्हणून संमतिपत्रे आधीच वाटली. पस्तीस भरून आली आहेत. उरलेल्या अकरा घरी मी येत्या जुम्म्याला असरनंतर जाणार आहे, आणि त्या तलवारीवरची अक्षरे लावणारी मुलगी आता दहावीत आहे, तिला बरोबर नेणार आहे.